पंखा फिरतो, पाहिला

नारायण पेठेत मोटारसायकल तापली, तर ती एकटी तापत नाही. आधी मालक तापतो, मग शेजारी तापतो, मग ज्याच्या दारासमोर ती उभी आहे तो तापतो आणि शेवटी ज्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही, पण ज्याने तरुणपणी राजदूत चालवली होती, तो तापतो. इंजिन तासाभरात गार होतं. बाकीच्यांना आठवडे लागतात.

हे ज्ञान मला माझ्या भाच्यामुळे झालं. भाचा संगणकावर काम करतो, पगार बरा आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. अशा सरळ मुलांचं कुठेतरी पाणी मुरत असतंच. याचं ट्रायल्स नावाच्या खेळात मुरलं. त्याने कुठून तरी एक जुनी स्पॅनिश ट्रायल्स मोटारसायकल मिळवली. ही गाडी फक्त स्पर्धेची, रस्त्यावरची नव्हे. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. त्याच्या कोथरूडच्या सोसायटीने "ज्या गाडीला नंबर नाही तिला पार्किंगचा नंबर कसा द्यायचा?" असा सवाल करून तिला फाटकातूनच परत पाठवलं. मग ती टेम्पोत बसून नारायण पेठेत, आमच्या वाड्याच्या अंगणात आली.

"मामा, फक्त चार दिवस," भाचा म्हणाला.

आमच्या वाड्यात 'फक्त चार दिवस' म्हणून आलेल्यांची तिसरी पिढी सध्या इथे राहते. पण बहिणीचा मुलगा. नाही कसं म्हणणार?

गाडी टेम्पोतून उतरली आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पहिला प्रश्न आला.

"सीट काढून घेतली का रे त्याने? तरीच स्वस्तात दिली."

"काका, या गाडीला सीट नसते."

"मग बसायचं कुठे?"

"बसायचंच नसतं. उभं राहूनच चालवायची."

"हे आम्ही पीएमटीत आयुष्यभर केलं. त्यासाठी स्पेनहून गाडी नाही मागवली."

भाच्याने मग अंगणात उभं राहून खेळ समजावून सांगितला. दगड, ओंडके, चढ, ओढे असा एक अवघड तुकडा आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. तो गाडीवरून पाय न टेकता पार करायचा. वेगाला काही किंमत नाही. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि पडलात किंवा सेक्शनच्या बाहेर गेलात की थेट पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो पहिला.

इथे पेठेने पहिला आक्षेप घेतला. जिथे दहावीच्या निकालात शेजारच्या मुलापेक्षा अर्धा टक्का कमी पडला तर घरात चूल पेटत नाही, तिथे कमी गुणांना पहिला नंबर ही कल्पना कुणाच्या पचनी पडेना. जिन्याखालच्या काकांनी तर, आपल्या मुलाची जुनी प्रगतिपुस्तकं अजून जपून ठेवली आहेत, ती या खेळात चालतील का, अशी मनापासून चौकशी केली.

भाचा मात्र भरात आला होता. स्कॉटलंडमधली सहा दिवस चालणारी ट्रायल १९०९ पासूनची आहे, हे त्याने सांगितलं. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता जगज्जेता होता, हे सांगितलं. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे, पण करतो काय?"

बुलेटवाले काका वजनावर अडून बसले. सत्तर किलोच्या आसपासची गाडी म्हणजे त्यांच्या मते गाडीच नव्हे. एवढं तर त्यांच्या बुलेटचं पेट्रोलच भरतं. भाच्याने त्यांना सांगितलं की १९६५ साली सॅमी मिलर नावाच्या गड्याने स्पॅनिश बनावटीच्या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर स्कॉटिश ट्रायल जिंकली आणि जड ब्रिटिश गाड्यांचं राज्य तिथून उतरणीला लागलं.

"पासष्टला देशात युद्ध चालू होतं," काका म्हणाले. "आम्हाला असल्या गोष्टींना वेळ नव्हता."

खरं सांगायचं तर या खेळाचं पेठेला नावीन्य वाटायचं कारण नव्हतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावरून जो माणूस मागे बायको, पुढे पिशवी आणि मधे आकाशकंदील घेऊन पाय न टेकता गाडी नेतो, तो ट्रायल्सच खेळत असतो. तो पाय टेकत नाही, कारण पाय टेकायला जागाच नसते. खऱ्या स्पर्धेत प्रत्येक सेक्शनला एक निरीक्षक नेमतात, तो पाय टेकल्याची नोंद ठेवतो. आमच्याकडे निरीक्षक नेमावे लागत नाहीत. शेजारचा अर्धवट पाडलेला वाडा मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्या तिहेरी भांडणात वर्षानुवर्षं तसाच पडून आहे, त्याच्या राडारोड्यावर भाच्याने पहिल्यांदा गाडी चढवली, तेव्हा तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून एकमुखाने गजर झाला, "टेकला! पाय टेकला!" एका काकूंनी त्याला तिथल्या तिथे पाच दिले, गाडी पडली म्हणून नव्हे, वाळत घातलेला टॉवेल पडला म्हणून.

आणि मग गाडी तापली.

साधी मोटारसायकल धावते तेव्हा समोरून वारा लागतो आणि तो इंजिनाला गार ठेवतो. ट्रायल्सची गाडी चालते माणसाच्या चालीने, कधीकधी तेवढीही नाही. एका दगडावर उभं राहून पुढच्या दगडाचा विचार चाललेला असतो आणि खाली इंजिन मात्र बोंब मारत असतं. वारा आणायचा कुठून? म्हणून या गाडीला रेडिएटर असतो, त्यात कूलंट असतं, ते पंपाने इंजिनाभोवती फिरतं. रेडिएटरच्या मागे छोटा पंखा असतो. पाणी ठरावीक तापलं की थर्मल स्विच पंखा सुरू करतो, पंखा जाळीतून हवा खेळवतो आणि पाणी गार होतं. सगळं सुरळीत असेल तर. आमच्या गाडीचं पाणी थोड्याच वेळात खदखदायला लागलं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून फुसफुसत अंगणाच्या फरशीवर आलं.

तळमजल्यावरच्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या. "काय रे, काय होतंय तिला?"

"आजी, आतलं पाणी फार गरम होतंय."

"मग बंब घेतलाय असं सांग ना सरळ. उद्या अंघोळीला माझी बादली लाव."

पहिले वैद्य म्हणून पुढे आले ते वायरमन काका. वाड्यातले मिक्सर, गिझर, गणपतीच्या माळा आणि मीटरच्या भानगडी अनेक वर्षं त्यांच्याच हाताखालून गेल्या आहेत. त्यांनी गुडघ्यावर बसून रेडिएटर पाहिला आणि एका नजरेत निदान केलं. जाळीत आधीच्या मालकाच्या गावची माती घट्ट बसली होती. हवा जाणार कुठून? निदान अचूक होतं, हे मान्यच केलं पाहिजे. त्यांनी पंखा उतरवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने जाळीची एकेक फट साफ केली आणि पंखा परत बसवला. पंख्याचा कनेक्टर मागच्या मालकानेच तोडलेला होता. दोन्ही वायरी काळ्या, नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलेल्या. काकांनी त्या पुन्हा पिळल्या आणि नवी चिकटपट्टी गुंडाळली.

"काका, कुठली कशाला होती ते पाहिलंत ना?" भाच्याने भीत भीत विचारलं.

"अरे, पंख्याच्या वायरीला कसलं उलटंसुलटं? हयात गेली पंखे जोडण्यात, एकही उलटा फिरला नाही."

गाडी सुरू केली. ती आधीपेक्षा लवकर तापली.

आता प्रकरण वायरमन काकांच्या हातून निसटून सार्वजनिक झालं. बातमी मोदी गणपतीपासून पत्र्या मारुतीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी अंगणात पाच-सहा काका हात मागे बांधून गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागले.

स्कूटरवाल्या काकांनी सर्वप्रथम गाडी आपल्याकडे तिरकी केली. चाळीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला उभी गाडी दिसली की हात आपोआप तिरके होतात, त्याला इलाज नाही. मग त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतोस, असं दरडावून विचारलं. भाच्याने सांगितलेलं प्रमाण ऐकून त्यांना धक्काच बसला.

"एवढंसं? आमच्या स्कूटरला लिटरला वीस मिली. डोळे झाकून वीस मिली!"

"काका, आताची ऑइलं वेगळी असतात, कमी लागतात."

"ऑइलं वेगळी असतील. घर्षण तेच आहे ना?"

यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगण निळ्या धुराने भरलं, डास पळाले, आणि गाडी मात्र पूर्वीसारखीच तापली.

गाडी तापते म्हटल्यावर आपल्याकडे एक उपाय सर्वमान्य आहे. तो दुसऱ्या मजल्यावरून आला.

"थर्मोस्टॅट काढून टाक."

"काका, या गाडीला थर्मोस्टॅटच नाही."

"मग बसवून घे."

पुढे कुणीतरी रेडिएटरमध्ये पाणी कमी असेल, अशी शंका काढली. ही मोठीच चूक झाली. नारायण पेठेत पाण्याची पातळी हा विषय काढायचा नसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या दिवशी पाणी वाड्यात कुठपर्यंत आलं होतं, यावर आमच्याकडे आजही दोन तट आहेत. एक गट म्हणतो तिसऱ्या पायरीपर्यंत, दुसरा म्हणतो जिन्याच्या वळणापर्यंत. त्या संध्याकाळी दोन्ही गट जिन्याशी उभे राहून हाताने उंची दाखवत होते. रेडिएटरमधलं पाणी किती आहे, हे शेवटपर्यंत कुणीच पाहिलं नाही. एका काकांनी मात्र व्यवहार्य तोडगा दिला: "जुलैपर्यंत थांब. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पुलावर नेऊन उभी कर. आपोआप गार होईल."

झाकणाचा प्रसंग याच सुमारास घडला. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. तिच्यामुळे आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. म्हणूनच गाडी गरम असताना झाकण कधीही उघडायचं नसतं. दाब सुटला की आतलं सगळं एकदम उकळतं आणि वर येतं. भाच्याने हे सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि राजदूतवाल्या काकांनी झाकण उघडलं. सुदैवाने त्यांनी ते लांबूनच, कापडाने धरून आणि तोंड वळवून उघडलं, त्यामुळे कारंजं त्यांच्या अंगावर न जाता भिंतीवरच्या पाटीवर गेलं. 'येथे थुंकू नये' ही पाटी तेव्हापासून हिरवट दिसते आणि त्यामुळे जास्त परिणामकारक झाली आहे.

"बघितलं ना?" काका शांतपणे म्हणाले. "गरम आहे."

पिंपरीच्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले काका इतका वेळ गप्प होते. ते एक दिवस घरून पाटी-पेन्सिलीसकट आले. म्हणजे पाटी नव्हे, क्लिपबोर्ड. त्यांनी बाकीच्यांना बाजूला सारलं.

"तुमचं सगळं अंदाजपंचे चाललंय. जपानी लोक काय करतात? पाच वेळा 'का' विचारतात. टोयोटाची पद्धत आहे. मूळ कारण सापडलंच पाहिजे. हं, सांग. गाडी तापते. का?"

"पाणी गार होत नाही."

"का?"

"हवा पुरेशी लागत नसावी."

"का?"

"गाडी सावकाश चालते."

"का?"

"तो खेळच तसा आहे."

"असला खेळ का?"

"आवडतो म्हणून."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "वय काय तुझं?"

"एकतीस."

"लग्न?"

"अजून नाही."

काकांनी क्लिपबोर्डवर लिहिलं, 'मूळ कारण: मुलगा एकटा आहे. उपाययोजना: आईशी बोलणे.' खाली सही केली, तारीख घातली आणि फाइल बंद केली. दुसऱ्या 'का'पाशी ते थांबले असते तर गाडी त्याच दिवशी गार झाली असती. पण जपानी पद्धत म्हणजे पद्धत.

या पेठेला ज्यांचं नाव आहे, त्या नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. "काका, मला वाचवा," असा आकांत करत ते धावले, असं सांगतात. अडीचशे वर्षांनी त्यांच्याच नावाच्या पेठेत माझा भाचा धावत माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मामा, मला काकांपासून वाचवा."

मी कोण वाचवणार? माझं यंत्रज्ञान सायकलची चेन बसवण्यापाशी संपतं आणि तीही बसवल्यावर हात पुसायला मी बायकोचा चांगला नॅपकिन घेतो, म्हणून ते कामही आता माझ्याकडे देत नाहीत. तरी मामा या नात्याने मी एका खऱ्या फिटरला बोलावलं. त्याने गाडी सुरू केली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. अंगण श्वास रोखून उभं राहिलं.

"हेड उतरवावं लागेल."

"का?" भाच्याने विचारलं.

"उतरवल्यावर सांगतो."

भाच्याने हेड उतरवू दिलं नाही. त्याऐवजी प्लग काढून बघू, असं ठरलं. प्लग तांबूस निघाला. म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण ठीक. पांढरा निघाला असता तर पेट्रोल कमी, काळा निघाला असता तर जास्त. प्लग अंगणभर हातोहात फिरला, प्रत्येकाने तो उजेडात धरून पाहिला आणि प्रत्येकाला त्याचा रंग वेगळा दिसला. एका काकूंनी तो बोटात धरून "अगदी अशीच बॉर्डर हवी होती मला," एवढंच म्हणून परत दिला.

मग उरला थर्मल स्विच. तो बदलायला भाचा नारायण पेठेतून नाना पेठेत गेला. सुट्या भागांची जी वस्तू नाना पेठेत मिळत नाही ती बनलेलीच नसते, असा पुण्याचा विश्वास आहे. दुकानदाराने डोकं वर न करता विचारलं, "कुठल्या गाडीचा?"

"ट्रायल्सच्या."

"ट्रायल झाल्यावर या. गाडी पास झाली की पार्ट ठेवू."

शेवटी भाच्याने संगणकवाल्यांच्या बुद्धीने एक युक्ती केली. गाडीच्या हँडलला दोरीने एक वही बांधली. वर लिहिलं: 'सूचना तोंडी देऊ नयेत. निरीक्षण लिहावे व सही करावी.' माणसाला सही मागितली की तो विचार करून बोलतो, असा त्याचा समज होता. हा समज नारायण पेठेबाहेरचा आहे. दोन दिवसांत वही निम्मी भरली. पहिल्या पानावर भाच्याने 'रेडीएटर' असं लिहिलं होतं. त्यातला 'डी' ऱ्हस्व हवा म्हणून कुणीतरी लाल शाईने दुरुस्त केला होता, आणि त्या दुरुस्तीखाली आणखी कुणीतरी 'मुळात मराठी शब्द का नाही?' असं विचारलं होतं.

खरी अडचण चाचणीच्या वेळेची होती. या गाडीला बॅटरी नसते. इंजिन चालू असेल तेव्हाच वीज तयार होते, आणि पाणी तापेल तेव्हाच पंखा सुरू होतो. म्हणजे पंखा बघायचा तर गाडी चांगली तापवायला हवी. एप्रिलचं ऊन एक ते चार असतं आणि त्या वेळात आमच्या पेठेत इंजिनच काय, कुकरसुद्धा दबक्या आवाजात शिट्टी देतो. त्यामुळे सगळ्या चाचण्या गार वेळेला, सकाळी सात ते आठ. गाडी तापण्याची वेळ आणि वाड्याची झोपण्याची वेळ एकच पडल्यावर निदान व्हायचं कसं?

तरीही रोज सकाळी पंख्याचा सोहळा व्हायचा. दुधाच्या पिशव्या हातात घेऊन मंडळी जमायची. भाचा गाडी जागेवरच तापवत राहायचा. वायरमन काका सगळ्यांत पुढे. काही मिनिटांनी रेडिएटरमागून घूं असा आवाज यायचा आणि अंगणात समाधानाची लाट उसळायची.

"फिरला! फिरला!"

"बघ, फिरतोय. म्हणजे पंख्यात दोष नाही."

मग वहीत नोंद: 'पंखा फिरतो. पाहिला.' खाली सही. त्याखाली दुसऱ्याची: 'मीही पाहिला.' त्याखाली तिसऱ्याची: 'पाहिला व आवाजही ऐकला.' त्याखाली एका काकांची, जे त्या सकाळी मुळात गावाला गेले होते: 'सहमत.' सह्या वाळेपर्यंत नळीतून फुसफुस सुरू व्हायची आणि मंडळी पोह्यांसाठी पांगायची.

हे असंच गणपतीपर्यंत चाललं असतं. ते थांबलं आजींच्या साबुदाण्याच्या पापड्यांमुळे.

उन्हाळ्याची वाळवणं सुरू झाली होती. आजींनी सकाळीच अंगणात प्लॅस्टिक पसरून पापड्या घातल्या होत्या. त्यांच्यासमोर हातभरावर गाडी, गाडीभोवती काका, असा नित्याचा देखावा. पंखा सुरू झाला, "फिरला! फिरला!" झालं, आणि आजी कडाडल्या.

"ती गाडी हलवा आधी! माझ्या पापड्यांवर धूळ उडवतेय मेली."

"आजी, पंख्याचा वारा मागे जातो, पुढे नाही," वायरमन काकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं.

"मला शिकवतोस? हे बघ, प्लॅस्टिकचं टोक उडतंय. तोंडातून नुसता गरम वारा सोडतेय तुमची गाडी. अगदी तुमच्यासारखी."

काका हसले. भाचा हसला नाही. तो गाडीसमोर उकिडवा बसला आणि त्याने रेडिएटरच्या जाळीपुढे तळहात धरला. मग तो हळूच म्हणाला, "वारा पुढे यायला नको. पंख्याने समोरची गार हवा जाळीतून आत ओढायला हवी. हा उलटा फिरतोय."

अंगणात शांतता पसरली. सगळ्यांचे डोळे वायरमन काकांकडे वळले. घरातला पंखा एसी विजेवर चालतो. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली तरी तो आपल्या दिशेनेच फिरतो. काकांची हयात तशाच पंख्यांत गेली होती. या गाडीचा पंखा डीसी. त्याचं प्लस-मायनस बदललं की मोटर निमूटपणे उलट्या दिशेने फिरायला लागते, कुरकुर नाही की कसला वेगळा आवाज नाही. हवा थोडीफार हलवते, पण चुकीची. इंजिनावरची आणि सायलेन्सरवरची तापलेली हवा गोळा करून तीच रेडिएटरमधून पुढे ढकलते. माती होती तोवर गाडी मातीमुळे तापत होती. माती निघाली त्याच दिवसापासून ती पंख्यामुळे तापत होती. सगळ्या पेठेने पंखा फिरतो की नाही हे पाहिलं होतं, सह्या करून पाहिलं होतं. कुठल्या बाजूला फिरतो, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"बंबात वरून गार पाणी घातलं की तोटीला गरम येतं," आजी म्हणाल्या. "आत काही घालाल तर बाहेर धड काही येईल. तुमचं आपलं सगळं बाहेरच. आत काही जातंय का?"

त्या हे गाडीबद्दल बोलत होत्या, असं सगळ्यांनी ठरवलं.

भाच्याने चिकटपट्टी सोडली, दोन वायरींची अदलाबदल केली, पुन्हा गाडी तापवली. वहीतलं एक पान फाडून रेडिएटरसमोर धरलं. पंखा घूं करून सुरू झाला आणि कागद सप्पकन जाळीला जाऊन चिकटला. त्यावर 'पंखा फिरतो. पाहिला.' आणि खाली ओळीने सगळ्यांच्या सह्या स्वच्छ वाचता येत होत्या. कागद चटकन काढून घेतला, कारण तो राहिला असता तर हवा अडून गाडी पुन्हा तापली असती. पण त्या क्षणभरात सगळ्यांनी आपापली सही बघून घेतली.

नळी फुसफुसली नाही. पाणी आत राहिलं. गाडी गार झाली.

आणि लगेच श्रेयाची वाटणी सुरू झाली. वायरमन काका म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच पंख्याला हात घातला होता, ते उगाच नाही." फिटरला बातमी कळली तेव्हा त्याने निरोप पाठवला की हेड उतरवायला गाडी उघडली असती तर पंखा आपसूक दिसला असता. स्कूटरवाले काका आजही म्हणतात की ऑइल वाढवलं म्हणूनच इंजिन तोवर तग धरून राहिलं. क्वालिटीवाल्या काकांनी फाइल पुन्हा उघडली, मूळ कारण खोडलं नाही, फक्त त्यापुढे 'व पंखा' एवढं जोडलं. आईशी बोलण्याची उपाययोजना मात्र त्यांनी पार पाडली आहे आणि भाच्यासाठी तीन स्थळं आली आहेत. त्यांपैकी एका मुलीने 'सीट नसलेली गाडी' ऐकून स्वतःहून भेटायची तयारी दाखवली, हा या साऱ्या प्रकरणातला एकमेव अनपेक्षित फायदा.

तेव्हा वाचकहो, तुमची गाडी रेडिएटरवाली असेल आणि विनाकारण तापत असेल, तर एवढंच करा. आधी जाळीतली माती काढा. गाडी गार असताना पाणी बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, कुणालाही लावू देऊ नका. पंखा काढून बसवला असेल तर तो सुरू होताच जाळीपुढे कागद धरा. रेडिएटरमागचा पंखा कागद ओढून घेत असेल तर ठीक, ढकलत असेल तर वायरी बदला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. फक्त कागद कोरा घ्या आणि हे काम नारायण पेठेत उभं राहून करू नका. इथे दहा मिनिटांची कामं होत नाहीत.